पाचवा डबा आणि एकच छप्पर: एका वारसा रेल्वेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर इंग्लंडमधल्या एका वारसा रेल्वेवर घडलं. रेल्वेचं नाव आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. मी तिथल्या डबे-वाघिणी (वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा) विभागात सुट्टीच्या दिवशी हातभार लावतो. निर्णय घेणाऱ्यांत मी नव्हतो. बैठकांना मात्र बसलो होतो, आणि नंतर टेकूही धरले होते.

आपल्याकडे डबेदुरुस्ती म्हटलं की माटुंग्याचं वर्कशॉप डोळ्यांसमोर येतं. १९१५ पासूनचं, पगारी कारागिरांचं. माथेरानची छोटी गाडीसुद्धा रेल्वे खातंच चालवतं. ब्रिटनमध्ये गोष्ट निराळी आहे. १९५१ साली वेल्समधली टॅलिलिन ही अरुंद मापाची रेल्वे हौशी मंडळींनी चालवायला घेतली. १९६० साली ससेक्समध्ये ब्लूबेल रेल्वे सुरू झाली. ऑगस्ट १९६८मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं थांबली आणि त्यानंतर अशा रेल्वे ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. तिकीट देणाऱ्यापासून इंजिन हाकणाऱ्यापर्यंत बरीचशी माणसं बिनपगारी असतात. वेग सहसा ताशी २५ मैलांपर्यंत, म्हणजे ४० किलोमीटर. पण नियम खेळण्यातले नाहीत. देखरेख 'ऑफिस ऑफ रेल अँड रोड' या सरकारी नियामकाची असते.

या जगात मान इंजिनाला. देणगी त्याला, फोटो त्याचे. पैसे मात्र डबा मिळवतो, कारण इंजिनात प्रवासी बसवता येत नाहीत. आमच्या विभागात हे वाक्य चहाबरोबर ठरलेलंच असतं.

उघड्यावर तग धरण्यातही डबा इंजिनापेक्षा कितीतरी नाजूक. वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगारवाड्यात शेकडो इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभी होती. त्यातली २१३ सोडवून आणली गेली आणि बरीच पुन्हा धावली. लाकडी डबा तेवढा काळ उघड्यावर ठेवला तर हाती खालचा लोखंडी सांगाडा आणि बिजागऱ्या लागतील. जे जुने लाकडी डबे वाचले त्यातले पुष्कळ कुणाचं तरी घर झाले, शेतावरची कोठी किंवा कोंबड्यांचं खुराडं झाले, म्हणून वाचले. ससेक्सच्या किनाऱ्यावर पॅगम आणि सेल्सीला अशा डब्यांची घरं आहेत. वरून कुणीतरी पत्रा टाकला होता, एवढंच त्यांचं नशीब.

आमच्या रेल्वेची रोजची गाडी पाच डब्यांची. सगळे 'मार्क १' जातीचे, म्हणजे ब्रिटिश रेल्वेने १९५१ पासून बांधलेले पोलादी डबे. याखेरीज एक सागवानी डबा होता, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या घडणीचा. त्या कंपनीच्या या धाटणीच्या डब्यांना रंग नसे. सागवानावर व्हार्निशचे हात चढत आणि लाकूडच झळाळे. हा डबा पूर्ववत करायचं काम बरीच वर्षं चालू होतं. त्याची जबाबदारी एका निवृत्त सुतारावर होती. त्यांना इथे 'थोरले' म्हणतो. त्यांच्या हाताखाली तीन-चार जण, तेही बहुतेक सत्तरीच्या आसपासचे.

तिसरी गोष्ट वाघिणींची. शनिवारी येणारी काही तरुण मुलंमुली एक जुनी बंद वाघीण दुरुस्त करत होती, फळ्यांची, १२ टनी. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. पुढे तिचं महत्त्व कळलं.

अडचण

छपराखाली, खाली उतरून काम करायला खड्डा असलेला रूळ एकच. त्यावर सागवानी डबा होता आणि उरलेल्या लांबीत ती वाघीण.

शरद ऋतूतल्या तपासणीत रोजच्या गाडीतल्या एका मार्क १ डब्यात गंज सापडला. प्रसाधनगृहाच्या बाजूची जमीन खालून खाल्ली गेली होती, आणि तिथल्या दाराच्या खांबाचा पाया हातोडीच्या टोकाने दबत होता. मार्क १चं हे जुनं दुखणं आहे. पोलादी पत्र्यांच्या आत, खिडक्यांच्या खाली, पाणी साचतं आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत राहतो. यात डबा गरम ठेवणाऱ्या वाफेच्या नळाची गळतीही मिसळलेली होती. दार ज्या खांबावर लटकतं तो खांबच कच्चा, म्हणून डबा लगेच गाडीतून काढला. यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

दुमत पुढे झालं. डिसेंबरमधल्या सांताच्या गाड्यांवर, म्हणजे मुलांना नाताळच्या सांताक्लॉजची भेट घडवणाऱ्या फेऱ्यांवर, अशा रेल्वेंचा हिवाळा निघतो, आणि त्या गाड्या चार डब्यांवर ओढाताण करून चालवल्या. जानेवारी ते मार्च रेल्वे बंद असते. म्हणजे ईस्टरपर्यंत डबा दुरुस्त व्हायलाच हवा, असं सगळ्यांनी धरून टाकलं. कुणी ठरवलं, हे नंतर शोधूनही सापडलं नाही. पहिल्या बैठकीच्या टिपणात ते 'ईस्टरची मुदत' म्हणून आलं आणि तिथून पुढे ती मुदतच झाली.

वेल्डिंगला कोरडी जागा आणि खड्डा लागतो. म्हणजे सागवानी डबा बाहेर. आणि सागवानी डबा तेव्हा सर्वांत वाईट अवस्थेत होता. छताचा जुना कॅनव्हास काढलेला, एका बाजूचे तीन खांब कुजले म्हणून बाहेर काढलेले, दारं उतरवून नंबर टाकून भिंतीला टेकवलेली.

पर्याय

विभागप्रमुख हा पगारी माणूस. त्याच्यासमोर पहिला आणि सर्वांत स्वस्त पर्याय: सागवानी डबा ताडपत्री घालून बाहेर ढकलायचा. थोरल्यांचा याला कडक विरोध होता आणि तो भावनेपोटी नव्हता. लाकडी डब्याच्या अंगात खालची लांब तुळई, वरची तुळई आणि त्यांना जोडणारे खांब, हे खाचेत कुसू घट्ट बसवून उभे असतात. खांब काढले की अंग टेकूंवर तोललेलं असतं. त्या स्थितीत शंटिंगचा एक धक्का बसला तर चौकटी तिरक्या होतात, आणि मग जी दारं ज्या चौकटींतून काढली त्यातच ती बसत नाहीत. शिवाय ताडपत्रीखाली वारा फिरत नाही. आत दमटपणा धरतो, लाकूड पावसाने भिजत नाही पण घामाने भिजतं.

दुसरा पर्याय मार्क १ डबा बाहेरच्या कारखान्याला देण्याचा. क्रेन, लो-बेड ट्रेलर, तिथली रांग. दर मागवला तेव्हा विभागाच्या वर्षाच्या खर्चाचा मोठा हिस्सा त्यातच जाणार हे दिसलं. इथे विश्वस्तांपैकी एकाने सागवानी डब्यासाठी जमलेल्या देणग्यांतून तात्पुरती उचल करायची सूचना केली. खजिनदारांनी ती तिथल्या तिथे थांबवली. इंग्लंडच्या धर्मादाय कायद्यात एका ठरावीक कामासाठी मागितलेला पैसा त्याच कामाला लावावा लागतो, 'तात्पुरतं' म्हणून सुटका नाही. मला वाटतं, त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला निर्णय हाच होता, आणि त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिसरा, दुसऱ्या रेल्वेकडून डबा भाड्याने आणणं. विचारणा केली. ज्यांना डबे पाठवता आले असते त्यांनाही ईस्टरलाच ते हवे होते. साहजिकच.

चौथा पर्याय म्हणजे परांची बांधून तिच्यावर प्लास्टिकचं छप्पर घालायचं आणि सागवानी डबा त्याखाली न्यायचा. हा बराच वेळ चर्चेत राहिला. पण आमचं यार्ड टेकडीच्या खांद्यावर आहे. तिथला जानेवारीचा वारा ज्यांनी पाहिला होता, ते गप्प बसले.

पाचवा पर्याय, चार डब्यांची गाडी चालवत राहायचं, हा पहिल्या बैठकीत एका वाक्यात निकालात निघाला. "लोक उभे राहतील."

निर्णयाची वळणं

पहिल्या बैठकीत ठरलं ते असं: वाघीण लगेच बाहेर, सागवानी डबा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाहेर, मार्क १ आत. वाघीण दुसऱ्याच दिवशी गेली. शनिवारी मुलं आली तेव्हा ती यार्डाच्या टोकाला उभी होती आणि अर्धवट बसवलेल्या फळ्यांवर पाऊस पडत होता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं.

थोरल्यांनी राजीनामा वगैरे दिला नाही. ते एका मंगळवारी वहीच घेऊन आले. डब्याच्या प्रत्येक दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहिलेले, आणि शेवटी एक ओळ: 'आज हलवला तर यातली कोणती मापं बदलतील ते मी सांगू शकत नाही.' वही विभागप्रमुखाच्या टेबलावर ठेवून ते कामाला लागले.

खरं वळण मात्र तिकीटघरातून आलं. तिथे बसणारी एक स्वयंसेविका आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आलेली. 'लोक उभे राहतील' हे चहाच्या खोलीत ऐकून तिने मागच्या हंगामाच्या गाड्यांची तिकिटं दिवसागणिक मांडली. मार्क १च्या साध्या, आत कप्पे नसलेल्या मोकळ्या बैठकीच्या डब्यात ६४ जागा असतात. प्रश्न सोपा होता: किती दिवशी त्या शेवटच्या ६४ जागांना खरंच गिऱ्हाईक होतं? डिसेंबर, ईस्टरचा रविवार-सोमवार आणि उन्हाळी सुट्टीतले काही आठवडे सोडले तर पाचवा डबा बहुतेक रिकामा धावत होता.

छप्पर एकच, हे खरं होतं. घाई मात्र बहुतांशी मानलेली होती.

दुसऱ्या बैठकीत योजना उलटी झाली. पोलादी डबा एक हिवाळा उघड्यावर थांबू शकतो, छत नसलेला लाकडी डबा थांबू शकत नाही. म्हणून आधी सागवानी डब्याचं छत पूर्ण करायचं, काढलेल्या खांबांच्या जागी नवे बसवायचे, अंग ताठ झालं की मगच तो बाहेर काढायचा आणि मार्क १ आत घ्यायचा. ईस्टरला चार डबे, उन्हाळी सुट्टीला पाच. विभागप्रमुखाने एक अट घातली: मार्चअखेर छत झालं नाही तरी डबा बाहेर जाईल. थोरल्यांनी ती मान्य केली. त्या बदल्यात त्यांना तोंडी शब्द मिळाला की पुढच्या हिवाळ्याआधी डबा पुन्हा आत येईल. तोंडी, हे लक्षात ठेवायचं.

प्रत्यक्ष काम

सागवानी डब्याचं छत म्हणजे खाचेत खाच अडकवलेल्या फळ्या, त्यावर जाड रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच त्यावर ताणून बसवलेला कॅनव्हास. पूर्वी हा थर पांढऱ्या शिशाचा असे. आता पर्यायी रंग वापरतात. जुना रंग खरवडताना तर शिशाचीच भीती: कोरडी घासणी बंद, ओल्या कागदाने घासायचं, तोंडाला योग्य मास्क, आणि चहाआधी हात धुवायचे. सत्तरीतल्या मंडळींना हा नियम पटवणं हे वेगळंच प्रकरण झालं असतं.

फळ्या जानेवारीत झाल्या. रंग मात्र थंडीत वाळेना. रात्री शेडचं तापमान शून्याखाली जाई आणि सकाळी बोट लावलं तर ठसा उठे. हीटर लावले, तरी एका थराला ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. कॅनव्हास ताणायला दोन्ही बाजूंना माणसं लागतात आणि एका दमात करावं लागतं. थोरल्यांच्या गटात तेवढे हात नव्हते. तेव्हा शनिवारच्या मुलांना बोलावलं. ज्यांची वाघीण न विचारता बाहेर गेली होती त्यांतली निम्मी आली. बाकीची तोवर यायची थांबली होती.

जी आली त्यांना त्या एका दिवसात जे मिळालं ते एरवी वर्षात मिळालं नसतं. कॅनव्हास किती ओढायचा, सुरकुती कुठून काढायची, तांब्याचे छोटे खिळे मधून कडेला मारत जायचं की उलट, हे थोरले एरवी कुणाला सांगत नसत. सांगायला कुणी विचारतच नसे, असं त्यांचं म्हणणं.

नवे खांब बसल्यावर आतून तिरके लाकडी आधार ठोकले, कर्ण पुन्हा मोजले आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहिले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात डबा अगदी हळू, माणूस चालतो त्या वेगाने, बाहेर काढला. मापं बदलली नाहीत.

मार्क १ आत आला आणि काम सुरू व्हायच्या आतच थांबलं. या जातीच्या बऱ्याच डब्यांत बांधताना उष्णतारोधक म्हणून निळं अॅस्बेस्टॉस फवारलेलं असे. आमच्या डब्यातून ते फार पूर्वी काढल्याचं सगळे सांगत होते, पण फाइलमध्ये प्रमाणपत्र सापडेना. वेल्डर म्हणाला, "सगळे सांगतात यावर मी पत्रा कापणार नाही." नमुना प्रयोगशाळेत पाठवला, निकाल स्वच्छ आला, पण तोपर्यंत काही आठवडे गेले. वेल्डरला त्या काळात बरीच बोलणी खावी लागली. माझ्या मते त्याने केलं तेच बरोबर होतं. तिथे कापणारा तोच होता आणि श्वास घेणारेही आम्हीच होतो.

पत्रा उघडल्यावर गंज अंदाजापेक्षा लांब पोचलेला निघाला. दाराचा दुसरा खांबही बदलावा लागला. हिवाळाभर बाहेर उभं राहिल्याने त्यात किती भर पडली हे नेमकं सांगता येत नाही. थोडी नक्कीच पडली.

परिणाम

ईस्टरच्या रविवारी दुपारच्या गाडीला गर्दी झाली. काही कुटुंबांना पुढच्या गाडीपर्यंत थांबावं लागलं, तक्रारी आल्या. सोमवारी पाऊस होता, चार डबे पुरले. त्यानंतर शाळांना सुट्टी लागेपर्यंत पाचव्या डब्याची आठवण कुणी काढली नाही. सुट्टीच्या सुरुवातीला दुरुस्त डबा गाडीला जोडला गेला.

सागवानी डबा वाचला. छत कोरडं राहिलं, ज्या बाजूचं काम अपुरं होतं ती पत्र्यांनी झाकली. पण तो अजून बाहेरच आहे. मार्क १ बाहेर पडल्यावर लगेच दुसरा मार्क १ तपासणीत अडकला आणि तो आत गेला. तोंडी दिलेला शब्द कुणी मोडला असं नाही. तो कुठे लिहिलेलाच नव्हता, आणि ज्या बैठकीत दुसऱ्या डब्याचं ठरलं त्या बैठकीला थोरले आजारपणामुळे नव्हते. त्यांच्या गटातल्या एकाने येणं बंद केलं. थोरले अजून येतात, पण आता जास्त वेळ वाघिणीपाशी असतात.

वाघीण पूर्ण झाली. एका मुलीने जुन्या फोटोंवरून तिच्यावरची अक्षरं हाताने रंगवली.

वेगळं काय करता आलं असतं

तिकिटांची मोजणी पहिल्या बैठकीच्या आधी व्हायला हवी होती. आकडे तिकीटघरात होते, दुरुस्ती विभागाला ते मागायचं सुचलं नाही, आणि तिकीटघराला कुणी विचारलं नाही. ती बाई त्या संध्याकाळी चहाच्या खोलीत नसती तर सागवानी डबा जानेवारीत टेकूंवर बाहेर ढकलला गेला असता. योजना सुधारली ती योगायोगाने, पद्धतीने नव्हे.

वाघिणीबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं, कारण विभागाच्या अहवालात तिचा उल्लेख एका ओळीत आहे. प्रवासी डबा पूर्ववत करायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. नवीन माणूस तेवढं थांबत नाही. वाघीण लहान असते. तिच्यावर ब्रेकची जोडणी, ॲक्सलबॉक्स, फळ्या, लोखंडी पट्ट्या, रंग, अक्षरं, सगळं शिकता येतं आणि वर्षा-दोन वर्षांत काहीतरी पूर्ण झालेलं दिसतं. ब्रिटिश रेल्वेने कोळशाच्या १६ टनी पोलादी वाघिणी दोन लाखांहून अधिक बांधल्या, म्हणून वाघीण म्हणजे क्षुल्लक माल अशी एक नजर जुन्या रेल्वेवेड्यांत असते. पण पुढच्या सुतार-वेल्डरांची शाळा तीच आहे. तिला हलवणं कदाचित टळलं नसतं. आधी शनिवारच्या गटाला फोन करणं, आणि तिच्यावर ताडपत्री टाकणं, हे मात्र फुकट होतं.

कारखान्याचा दर मागवला तो पूर्ण दुरुस्तीचा. फक्त दाराच्या खांबांपुरता, त्यांच्या माणसाने इथे येऊन करायच्या कामाचा दर मागवला असता तर कदाचित हिशेब वेगळा दिसला असता. हे कुणी पडताळलं नाही.

आणि अॅस्बेस्टॉसचा कागद. प्रत्येक डब्याची फाइल उघडून त्यात काय आहे आणि काय नाही याची यादी करायचं काम आता गणिताच्या त्याच बाईंनी अंगावर घेतलं आहे. दोन डब्यांच्या फाइलींत प्रमाणपत्र नाही असं आत्तापर्यंत दिसलं आहे, त्यांचे नमुने या हिवाळ्यात पाठवायचे आहेत.

छपराखालच्या जागेचं वाटप आता भिंतीवरच्या फळ्यावर लिहितात: कोणतं वाहन, कोणत्या तारखेपर्यंत, आणि मुदत संपल्यावर तिथे कोण येणार. सागवानी डब्यासमोर जानेवारी लिहिलं आहे. त्याआधी मार्क १च्या आणखी दोन डब्यांची तपासणी आहे.